माणूस निवडायचा कसा आणि काम त्याच्या हाती सोपवायचं कसं? (कोल्हापूर, मशीन शॉप)

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करतो. सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ आणि व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) मिळून पाच मशीन, हेल्पर धरून ३४ माणसं. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं काम, त्यामुळे मशीनचं ज्ञान घरातच मिळालं. माणसांबद्दल विचारायचं तर नेमकं कुणाला, हे कळत नाही, म्हणून हा धागा.

‘ऑपरेटर पाहिजेत’ ही पाटी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जाल तिकडे गेटवर लागलेली दिसते. मुलगा येतो, आयटीआयचं सर्टिफिकेट दाखवतो, कुणाचं तरी नाव सांगतो, पंधरा मिनिटं बोलणं होतं आणि सोमवारपासून कामावर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भरती म्हणजे एवढंच.

मागच्या महिन्यात सेकंड शिफ्टला एका हाऊसिंगचा ७२ मिमीचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठा झाला. ड्रॉइंगवर एच-७ आहे, म्हणजे सगळी मिळून ३० मायक्रॉनची (०.०३ मिमी) सूट. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) नवा लावला आणि ऑफसेट (त्यासाठी मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) जुनाच राहिला. बोअर लहान राहिला असता तर परत मारून वाचवता आला असता. मोठा झालेला जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, सरळ भंगारात जातो. सकाळी ट्रॉलीभर माल गेला, आणि तपासणी शीटवर दर तासाला ‘ओके’ लिहिलेलं.

त्या मुलाला काढा, असं भागीदाराचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. त्याच्या जागी येणारा माणूसही त्याच गेटमधून, तसाच येणार. तेव्हा दोन गोष्टी विचारतो. गेटवर आलेल्यांतून नीट माणूस ओळखायचा कसा? आणि आत आल्यावर हे काम माझं आहे असं त्याला वाटावं यासाठी कारखान्याने काय करायचं? पगाराचा मुद्दा आहेच, पण कृपया तेवढ्यावर थांबू नका.

जुना_टर्नर

मी आता निवृत्त आहे, पण उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावला भरपूर पोरं पारखली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बोलून माणूस कळत नाही. मशीनवर उभा करा. अर्धा दिवस द्या आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही द्या, फुकट राबवून घेऊ नका. एक कास्टिंग द्या, एक ड्रॉइंग द्या, आणि ड्रॉइंगमधलं एक माप मुद्दाम कोरं ठेवा. बहुतेक पोरं ते माप अंदाजाने घेतात आणि जॉब चालू करतात. एखादा मध्येच थांबतो आणि विचारतो, “मामा, ह्या खांद्याचं माप दिसत नाही, किती घेऊ?” तो घ्या. त्याचा हात थोडा सावकाश असला तरी चालेल. वेग महिन्याभरात येतो. विचारायची सवय वय वाढल्यावर लागत नाही.

आणखी काय बघायचं तर मायक्रोमीटर हातात घेतल्यावर तो आधी झिरो तपासतो का. जॉब धरण्याआधी चकच्या (जॉब पकडणाऱ्या भागाच्या) जॉमधला चुरा पुसतो का. पहिला पीस काढल्यावर तो गरम असतानाच मापतो की जरा थांबतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब बिघडला तर काय करतो. बिघडू द्या, मुद्दाम जरा अवघड जॉब द्या. काही पोरं बिघडलेला पीस चांगल्या पिसांत सरकवतात, काही मशीनला शिव्या घालतात. एकाने मला पीस हातात आणून दिला आणि म्हणाला, “इथं टूल घासलं, माझं लक्ष नव्हतं, पुढचा बघा.” तो मुलगा पुढे त्याच कारखान्यात टूलरूम सांभाळायला लागला.

सर्टिफिकेट बघा, नाही असं नाही. कळंब्याच्या आयटीआयतून आलेल्या पोरांचा पाया बरा असतो. पण सर्टिफिकेटवरून एवढंच कळतं की तो कुठे बसला होता.

कागलची_ताई

जुना_टर्नर काका, तुम्ही सांगितलंत त्याला संशोधनाचाही आधार आहे. मी पंचतारांकित एमआयडीसीत एचआरमध्ये आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

१९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. कुठल्या पद्धतीने निवडलेला माणूस पुढे कामात खरंच चांगला निघतो, हा प्रश्न होता. पूर्ण जुळलं तर १ आणि काहीच संबंध नसेल तर ०, असं हे माप. सुचेल ते विचारायच्या मुलाखतीचं माप निघालं ०.३८, आणि सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारायच्या मुलाखतीचं ०.५१. किती वर्षांचा अनुभव, याचं फक्त ०.१८. प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी वरच्या गटात होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, तरी ठरवून घेतलेली मुलाखत ०.४२ वर, सगळ्यात वर राहिली. मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर आली आणि अनुभवाची वर्षं ०.०७ वर.

आपल्याकडे मात्र जाहिरातीत पहिलं वाक्य असतं ‘किमान ५ वर्षांचा अनुभव’, आणि मुलाखतीत प्रश्न असतात गाव कुठलं, वडील काय करतात, लग्न झालं का. यातून कामाबद्दल काय कळणार?

आम्ही शॉपसाठी मोजके प्रश्न ठरवून घेतलेत आणि सगळ्यांना तेच विचारतो. मागच्या कंपनीत तुमच्या हातून माल बिघडला तेव्हा काय झालं, सुरुवातीपासून सांगा. सुपरवायझरचं म्हणणं चुकीचं वाटलं असा प्रसंग सांगा. पुढच्या शिफ्टला मशीन देताना तुम्ही काय सांगून जाता? या शेवटच्या प्रश्नावर माणूस लगेच कळतो. ज्याने खरंच मशीन सांभाळलंय तो थांबत नाही. कुठला इन्सर्ट कधी बदलला, कुठल्या जॉबला कंप येतो, कूलंट किती राहिलं, सगळं सांगत बसतो. बाकीचे “काही नाही, नमस्कार करतो आणि जातो” असं म्हणतात.

उत्तर ऐकलं की लगेच गुण लिहायचे, दोघांनी वेगवेगळे. नंतर लिहायला बसलं की छान बोलणाऱ्याला जास्त गुण पडतात. आणि जुन्या कंपनीत चौकशी करायची तर मालकाला फोन करू नका. त्याच्या शिफ्ट सुपरवायझरला करा आणि एकच विचारा, हा मुलगा परत आला तर घ्याल का?

रंकाळा_पश्चिम

ताई, हे मोठ्या कंपनीला ठीक आहे. आमच्यासारख्या छोट्या युनिटला ओळखीचाच माणूस टिकतो. माझ्याकडे १२ जण आहेत, सगळे एकमेकांच्या ओळखीतून आलेले. पाहुण्याने शब्द टाकलेला असतो, त्या शब्दाला जागायचं म्हणून पोरगं खाडा करत नाही. अनोळखी माणूस पगार झाला की दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये जास्त देणाऱ्याकडे जातो. हे मी स्वतः बघितलंय.

भट्टीवाला

रंकाळा_पश्चिम, शब्दाला जागणं खरं आहे, ती ताकद मीही वापरतो. पण त्याची दुसरी बाजू फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी जवळून बघतो. मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) एकाच गावची आठ पोरं असली की एकाला बोललं की आठ जण सुट्टीवर जातात. सुपरवायझर त्यांच्याच भावकीतला असेल तर रिजेक्शन कुणाच्या बॉक्समधून आलं हे कागदावर कधी येतच नाही. आणि पाहुण्यांच्या पलीकडे किती चांगली माणसं असतील, ती आपल्याला दिसतच नाहीत.

आपण ज्या गावात राहतो तिथे हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी झालाय. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला जाहीरनामा काढून संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्याआधी दरबारात कोण होतं? जे आत होते त्यांचेच नातलग. नुसता जाहीरनामा काढून महाराज थांबले नाहीत. शिकलेली मुलं मिळाली पाहिजेत म्हणून त्यांनी बोर्डिंगं काढली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद केलं आणि वंशपरंपरेच्या जागी पगारी तलाठी नेमले. बाप हिशोब ठेवत होता म्हणून मुलगा ठेवणार, ही पद्धत गेली आणि ज्याला काम येतं त्याला नेमून त्याच्याकडून जाब घ्यायची पद्धत आली.

म्हणून माझ्याकडे नियम आहे. पाहुण्याने नाव सुचवायला हरकत नाही, पण चाचणी सगळ्यांना तीच, आणि नाव सुचवणारा त्या दिवशी चाचणीला हजर नसतो.

रंकाळा_पश्चिम

नाव सुचवणारा चाचणीला नको, हे पटलं. बाकी ओळखीचा फायदा आहे हे माझं म्हणणं कायम.

सेकंड_शिफ्ट

मी ऑपरेटर हाय. नाव सांगत न्हाई, कंपनीचं पण न्हाई. सगळा धागा वाचला. निवडायचं कसं ते तुमी सगळ्यांनी लिवलं. आत आल्यावर काय होतं ते मी सांगतो.

साहेब, तुमच्या त्या पोरानं ‘ओके’ लिवलं ते चूकच. पण तुमी एक विचारा त्याला. मशीन बंद करायचा अधिकार होता का त्याला? आमच्याकडं न्हाई. कागदावर हाय, ऑडिटला फलक पण लावलाय. पण रात्री धा वाजता मशीन बंद केलं की सुपरवायझर पहिल्यांदा म्हणतो, “टार्गेट कोण देणार?” टार्गेट ऱ्हायलं की इन्सेंटिव्ह जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणं बसतं. माल खराब गेला तर? तो जातो लॉटमदी. कुणाच्या नावावर येत न्हाई. मंग माणूस काय करंल सांगा. जिथं बोलणं बसतंय तिथनं तो लांब ऱ्हानार.

आणि दुसरं. आमी कॉन्ट्रॅक्टरचे. बाजूच्या मशीनवर कायम माणूस, तोच जॉब, तोच सायकल टाईम. त्याच्या आणि माझ्या पगारात किती फरक हाय ते लिवत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात. ज्या कंपनीला मी सहा महिन्यांनी नको असनार हाय, तिथलं काम आपलं कसं म्हणू? तरी पण म्हणतो. हातातनं जॉब चांगला निघाला की बरं वाटतं, ते कंपनीसाठी न्हाई, माझ्यासाठी. तेवढं तरी मालकांनी बगावं.

शिरोलीकर

सेकंड_शिफ्ट भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. हे मला शॉपमध्ये कुणीही तोंडावर सांगितलं नसतं.

एक सरळ विचारतो. आमच्या शॉपमध्ये त्या रात्री तुम्ही असता, तर काय असतं म्हणजे तुम्ही मशीन बंद केलं असतं?

सेकंड_शिफ्ट

इचारलंत म्हणून सांगतो.

पहिलं, बोअर गेज (बोअर मापायचं साधन) कुठं होतं त्या रात्री? आमच्याकडं क्यूसीच्या (माल तपासनाऱ्यांच्या) केबिनमदी असतं आणि क्यूसीवाला साडेसहाला कुलूप लावून जातो. मंग रात्री व्हर्निअरनं बोअर बगायचा. व्हर्निअर ०.०२ मिमी, म्हंजी २० मायक्रॉन वाचतंय, आणि बोअरमदी आत धरताना हाताचा फरक पडतो तो येगळा. ३० मायक्रॉनमदी व्हर्निअरनं काय कळनार? शीट तर भरायचीच. मंग ‘ओके’.

दुसरं, रात्री फोन कुणाला करायचा? सुपरवायझरचा फोन धा नंतर लागत न्हाई.

तिसरं, इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस कुणी तपासायचा हे ठरलेलं असलं पायजे. सेटर (मशीन लावून देनारा) पहिल्या शिफ्टला. सेकंडला ऑपरेटरच सेटर. पण ऑफसेटचं ट्रेनिंग दिलं व्हतं का त्याला? का बघून बघून शिकला?

शिरोलीकर

आत्ताच शॉपमध्ये फोन करून विचारलं. बोअर गेज क्यूसीच्या कपाटात असतं. कपाटाला सहानंतर कुलूप.

जुना_टर्नर

पोरगं बरोबर बोललं. ज्याच्या हातात माप नाही त्याला मापाचा जाब विचारता येत नाही. महाग गेज हरवेल, पडेल म्हणून कुलपात ठेवायची पद्धत जुनी आहे. त्यापेक्षा मशीनजवळ लाकडी खोक्यात ठेवा, त्यावर ऑपरेटरचं नाव लिहा, आणि सेटिंग रिंगपण (गेज जुळवायची ठरलेल्या मापाची कडी) तिथेच द्या म्हणजे तो स्वतः झिरो करील. माझ्या हाताखालच्या पोरांना स्वतःच्या नावाचं गेज मिळालं की ती ते रोज पुसून ठेवायची. सांगावं लागलं नाही.

भट्टीवाला

जाब आणि अधिकार, दोन्ही एकाच माणसाकडे असायला हवेत. आमचा अनुभव लिहितो, कारण फौंड्रीत ढकलाढकली सगळ्यात जास्त. कास्टिंगमध्ये ब्लो होल (गॅसमुळे राहिलेली पोकळी) निघालं की मोल्डिंगवाला म्हणतो वाळूत ओल जास्त होती. सँड प्लँटवाला म्हणतो मेटल थंड ओतलं. भट्टीवाला म्हणतो कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवणारा वाळूचा भाग) नीट सुकला नव्हता, गॅस कोअरमधून आला. तिघांचंही म्हणणं कधी ना कधी खरं असतं, त्यामुळे कुणालाच धरता येत नाही.

आम्ही रोज सकाळी साडेआठला आदल्या दिवशीचं रिजेक्शन फ्लोअरवर मांडतो. केबिनमध्ये नाही, एक्सेल शीटवर नाही, प्रत्यक्ष कास्टिंग. सँड, मोल्डिंग, कोअर, मेल्टिंग, चौघांचा एकेक माणूस, त्यात एक तरी साधा कामगार असलाच पाहिजे. प्रत्येक कास्टिंगवर हीट कोड (भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा) असतो, त्यावरून त्या वेळचा वाळूतल्या ओलीचा आकडा, ओतण्याचं तापमान आणि स्पेक्ट्रोचा (धातूतल्या घटकांचा) रिपोर्ट काढून शेजारी ठेवतो. गरज पडली तर कास्टिंग तिथेच कापतो. होल आतून गुळगुळीत आहे की खरबरीत, वर आहे की कोअरजवळ, यावरून पुष्कळ कळतं.

कारण सापडेपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही, हा कडक नियम. मी स्वतः पाळतो आणि मॅनेजरने मोडला तर त्याला तिथेच थांबवतो. कारण सापडलं की ज्याच्या खात्यातलं आहे तो स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहितो, काय करणार आणि कधीपर्यंत. त्याने लिहायचं, मी नाही. पुढच्या सोमवारी तोच वाचून दाखवतो.

सुरुवातीला सगळे गप्प उभे राहायचे. मग एकदा कोअर शॉपमधल्या मुलाने सांगितलं की ओव्हनचा एक हीटर बरेच दिवस बंद आहे, पण सांगितलं तर आपल्यालाच बोलतील म्हणून सांगितलं नाही. हीटर त्याच दिवशी बदलला आणि त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यानंतर फ्लोअरवर माणसं बोलायला लागली.

टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढून मदत बोलावता येते, आणि अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोरी बांधणं सोपं आहे. ओढल्यावर धावत येणारा सुपरवायझर पहिल्यांदा काय बोलतो, त्यावर ती परत ओढली जाणार की नाही हे ठरतं.

कागलची_ताई

भट्टीवाला दादा, शेवटचं वाक्य सुपरवायझर ट्रेनिंगमध्ये वापरू का? :)

गॅलप या संस्थेच्या अभ्यासात, एका गटाचं कामात मन असतं आणि दुसऱ्याचं नसतं, या फरकाचा सुमारे ७० टक्के भाग गटाच्या थेट वरिष्ठावर अवलंबून असतो असं निघालं. आपल्याकडे सुपरवायझर कोण होतो? ज्याचं प्रॉडक्शन सगळ्यात जास्त तो. उत्तम ऑपरेटर मशीनवरून काढायचा आणि ज्याचं शिक्षणच दिलं नाही त्या कामावर बसवायचा. मग तो प्रॉडक्शन वाढवायची त्याला माहीत असलेली एकच गोष्ट करतो, ओरडतो.

सुपरवायझर करण्याआधी त्याला सहा महिने दोन नवीन मुलं शिकवायला द्या. त्यातून कळतं. मुलं त्याच्याकडे शंका घेऊन जातात की त्याला टाळतात, एवढंच बघा. आणि उत्तम ऑपरेटरला सुपरवायझर न होताही पगार वाढेल अशी पायरी ठेवा, नाहीतर बढतीसाठी प्रत्येक जण मशीन सोडणार.

गॅलपच्याच प्रश्नावलीत पहिलं विधान आहे, कामावर माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला माहीत आहे. इतकी साधी गोष्ट. शिरोलीकर, तुमच्या ३४ जणांना उद्या वेगवेगळं बसवून विचारा, तुझं काम चांगलं झालं हे तुला कशावरून कळतं? उत्तरं लिहून काढा.

राजारामपुरी_७वी_गल्ली

माझं ऑफिस आहे, आम्ही सहा जण, सॉफ्टवेअरचं काम. आमची अडचण वेगळी. मुलगा कॉलेजातून येतो, वर्षभर शिकवतो, आणि नीट तयार झाला की हिंजवडीला जातो. शेवटी शिकवायचंच कशाला, असं वाटायला लागतं. कारखान्यातही तेच असणार.

फौंड्रीची_सून

राजारामपुरीकर, असं नका वाटून घेऊ. याच कोल्हापुरातली गोष्ट आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. माणसं कुठून आणली? सिनेमाचं शिक्षण घेतलेलं तेव्हा कुणी नव्हतंच. दामले आणि फत्तेलाल चित्रकलेतले, रंगवलेल्या पडद्यांचं काम करणारे. व्ही. शांताराम त्याआधी हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले. पेंटरांनी त्यांना एका चौकटीत बसवलं नाही. सेट, लॅब, कॅमेरा, अभिनय, जे पडेल ते करत ती माणसं तयार झाली.

आणि मग ती गेली. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी इथेच कोल्हापुरात सीताराम कुलकर्णींच्या भांडवलावर प्रभात सुरू केली, चार वर्षांनी पुण्याला नेली. पेंटरांच्या कंपनीला ते जड गेलं असणार. पण शिकवलंच नसतं तर ती माणसं कोल्हापूरला मिळालीच नसती, आणि जोवर होती तोवर पेंटरांची कंपनी कुणाच्या जिवावर चालली?

माझ्या सासऱ्यांच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने करतात तिथे) शिकून बाहेर पडलेल्यांची आज स्वतःची युनिटं आहेत. त्यातले दोघे आम्हालाच काम करून देतात. मुलगा जाणार असेल तर कधी जाणार हे मोकळेपणाने बोलता येईल असं वातावरण ठेवा. लपवून जाणारा आठ दिवसांत जातो. सांगून जाणारा दुसऱ्याला शिकवून जातो.

पंचगंगा_घाट

खाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडचा कामगार अर्धा शेतकरी आहे. पेरणी, उसाची तोड, गावची जत्रा, चैत्र पौर्णिमेला जोतिबा, यावेळी तो येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी त्याच आठवड्यात डिस्पॅच लावतात आणि मग पोरं बेजबाबदार म्हणून ओरडतात. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला कामगारांनाच बसवून सुट्ट्यांचा तक्ता करून घेतला. कुणाच्या गावची जत्रा कधी, कुणाची तोड अंदाजे कधी, आणि त्यावेळी त्याच्या मशीनवर कोण, हे त्यांनीच भरलं. न सांगता होणारे खाडे पुष्कळ कमी झाले. ज्याने स्वतः लिहिलंय की मी संतोषच्या जागी उभा राहीन, तो राहतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, तेव्हा कुणी कामावर यायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांचा पगार कापायचा की नाही यावर प्रत्येक मालकाने आपापलं ठरवलं. कुणी काय ठरवलं हे कामगारांना आजही आठवतं.

नियमात_बसणारा

कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पत्र द्यायचंच आहे तर त्यात काम काय, कुणाला जाब द्यायचा, कुठले निर्णय स्वतः घ्यायचे, हे दोन ओळींत लिहा. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, त्यामुळे ब्रेक देण्याचं गणित पुन्हा मांडा. ओव्हरटाईम दुप्पट दरानेच.

नवीन मुलं पारखायला अप्रेंटिसशिप चांगली वाट आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, शिरोलीकर तुम्ही त्यात बसता. राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचे २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. फक्त अप्रेंटिस म्हणजे स्वस्त हेल्पर असं करू नका. झाडू मारायला लावलेलं पोर वर्षभरात झाडूच शिकतं.

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या मुलाशी आज बोललो. काढणार नाही. ऑफसेट तो बघून बघूनच शिकला होता, सेटर त्याला पुढचे दोन आठवडे रोज एक तास शिकवणार आहे. बोअर गेज आणि सेटिंग रिंग मशीनजवळ आली. पुढच्या भरतीपासून कोरं माप ठेवलेली चाचणी सुरू करतोय, पैसे देऊन.

मशीनजवळ लावायला हा मजकूर केलाय. सेकंड_शिफ्ट भाऊ, तुम्ही तपासा.

“मापाची शंका आली की मशीन बंद करा. कुणाला विचारायची गरज नाही. बंद केल्याबद्दल कुणीही बोलणार नाही आणि इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही. बंद राहिलेला वेळ टार्गेटमधून वजा होईल. शंकेचा माल लाल ट्रॉलीत ठेवा. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस बोअर गेजने मापून आकडा लिहा, ‘ओके’ लिहू नका. रात्री फोन: मालक.”

सेकंड_शिफ्ट

चांगलं हाय साहेब. तीन गोष्टी घाला. मशीन परत चालू कुणी करायचं ते लिवा, न्हाईतर बंद करणारा रात्रभर बसून ऱ्हातो. शंका आली की मागचे पीस पण तपासायचे, शेवटचा चांगला सापडंपर्यंत, ते लिवा. आणि दोन फोन नंबर द्या, एक लागला न्हाई तर दुसरा.

खाली सही तुमची पायजे. सुपरवायझरची नको.

आणि हिंदीत पण लावा. आमच्याकडं निम्मी पोरं बिहार, ओडिशाची हाईत.

शिरोलीकर

तिन्ही घालतो, सही माझी आणि भागीदाराची. चालू करायचा निर्णय सेटरचा, तो नसेल तर फोनवर माझा. हिंदी मजकूर करतो, पण शॉपमधली भाषा बरोबर बसली पाहिजे. कुणी बघून देईल का?

भट्टीवाला

पाठवा. कोअर शॉपमधल्या पोरांकडून वाचून घेतो, अडेल तिथे त्यांनाच बदलायला सांगतो. परवापर्यंत देतो.